मळ्यातली पंढरी

विचार रुजतो, शंका फोफावते, द्वेष पेरला जातो. मनातल्या न दिसणाऱ्या घडामोडींसाठी आपण शेतातली क्रियापदे सहज वापरतो. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी 1980 सालच्या पुस्तकात दाखवले, की रूपकाचे काम कवितेपुरते नसते; आपला रोजचा विचारच त्याच्या आधाराने चालतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे संत सावता माळी तेराव्या शतकातले. त्यांना कांद्या-मुळ्यात विठ्ठल दिसला. मोट, नाडा, विहीर, दोरी सारे पंढरीने व्यापलेले वाटले. भक्ती मळ्यासारखी आहे, असे ते म्हणत नाहीत. मळाच पंढरी होतो. उपमा दोन गोष्टी शेजारी ठेवते, रूपक त्यांच्यातले अंतर मिटवते. मला हे धाडस फार मोठे वाटते, कारण त्यात कष्टाचे काम आणि पूजा यांची उतरंडच मोडते.

याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यांनी उसाचा दाखला दिला. ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा होत नाही. तसाच माणसाचा भाव. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचा हा युक्तिवाद आहे. ऊस चाखलेल्या कुणालाही तो पटतो, त्यासाठी शास्त्राधार लागत नाही.