महाश्वेतादेवींची द्रौपदी

महाभारतातील द्रौपदीने धावा केला आणि श्रीकृष्णाने वस्त्रे पुरविली, ही कथा आपल्या घरांतून मुलेसुद्धा सांगतात. बंगालीतील थोर लेखिका महाश्वेतादेवी (१९२६–२०१६) यांच्या ‘द्रौपदी’ या कथेत मात्र कृष्ण येत नाही.

कथेची नायिका दोपदी मेझेन ही संथाळ मजूर स्त्री. द्रौपदी हे नाव तिला सावकाराच्या बायकोने दिलेले. तिच्या लोकांच्या तोंडी त्याचे दोपदी झाले. दुष्काळात विहिरीचे पाणीही न देणाऱ्या त्या सावकाराचा खून होतो. नक्षलवादी चळवळीचे ते दिवस. नवरा दुलना गोळीने मरतो, दोपदी जंगलात पकडली जाते आणि रात्रभर तिच्यावर शिपाई बलात्कार करतात. सकाळी तिला लुगडे देतात. ते ती फाडून टाकते आणि तशीच, रक्ताळलेली, सेनानायकापुढे जाऊन उभी राहते. हाती शस्त्र नसलेल्या बाईची त्याला भीती वाटते! लाज कोणाची, हा प्रश्न लेखिकेने असा एका क्षणात उलटा फिरविला आहे. मला ही कथा दयेच्या शंभर कथांहून मोठी वाटते.

‘शिकार’ कथेतील मेरी उराँवही रडत बसत नाही. सालवृक्ष तोडायला आलेला ठेकेदार तिच्या मागे लागतो. बारा वर्षांनी एकदा बायकांनी शिकारीला जायचे, असा त्यांचा सण असतो. त्या दिवशी मेरी कोयत्याने आपली शिकार साधते.

उराँवांचा छोटानागपूरचा मुलूख आपल्या मॉरिशसला परका नव्हे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून कलकत्त्याहून जे ३६ करारबद्ध मजूर येथे आले, ते तिकडचेच डोंगरी लोक. त्यांना ‘धांगर’ म्हणत. (आपल्याकडच्या मेंढपाळ धनगरांशी कोणी त्यांची गल्लत करू नये.)

‘स्तनदायिनी’तील जशोदा आदिवासी नव्हे, ब्राह्मण. धन्याच्या घरची मुले अंगावर पाजून ती आपले घर चालविते आणि शेवटी स्तनाच्या कर्करोगाने एकटी मरते. बाईला देवी म्हणणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी.

‘द्रौपदी’ कथा दिल्ली विद्यापीठाने २०२१ साली इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढली. तिची भाषा कठोर आहे, हे मान्य. पण वरच्या वर्गातील मुलींना ती शिक्षकाने सोबत बसून वाचून दाखवावी. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचे इंग्रजी भाषांतर १९८१ पासून उपलब्ध आहे.