डोळ्याची पेटी

घड्याळजीच्या दुकानापुढे उभे राहून तुम्ही त्याचे काम कधी पाहिले आहे काय? एका डोळ्यावर आखूड काळी नळी चढवून तो घड्याळाच्या पोटात वाकून पाहत असतो. त्या नळीत एक लहानसे भिंग असते. आपल्या डोळ्यांना जी चाके ठिपक्यांसारखी दिसतात, त्यांचे दातेही त्याला त्या भिंगातून मोजता येतात. या साध्या युक्तीने कॅमेऱ्याच्या कामातील एक मोठी अडचण कशी दूर होते, ते आज पाहू. ती अडचण मला कशी कळली, हे मात्र आधी सांगितले पाहिजे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या व जंगलाच्या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात. येथे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार होते, रात्री नाटक रंगते. आरमोरीच्या बाजूस वैनगंगेकाठच्या एका गावी दंडारीत काम करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना येणारी कित्येक गाणी त्या गावात दुसऱ्या कोणालाही येत नव्हती. माझ्या पुतण्याने आपला जुना कॅमेरा मला दिला होता. तो घेऊन मी मंडईला गेलो आणि भर दुपारच्या उन्हात त्या गृहस्थांचे चलचित्र घेतले. कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहान पडद्यावर उन्हाची तिरीप पडली होती, तरी चित्र ठीक येत असावे, असे मी धरून चाललो.

चार दिवसांनी शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून ते चलचित्र आम्ही गावाला दाखविले. आवाज स्वच्छ होता, ढोलकी खणखणत होती. पण म्हाताऱ्याचा चेहरा धुक्यात बुडाल्यासारखा पुसट होता. त्यांच्या मागचे बांबूचे कुंपण मात्र कामटीन् कामटी मोजावी इतके स्पष्ट उमटले होते. ते गृहस्थ पुढेच बसले होते. क्षणभर पाहून ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, कुंपण तं मस्त दिसते!" सारे लोक हसले, मीही हसलो. पुढच्या मंडईला पुन्हा चित्र घेऊ, असे आमचे ठरले. परंतु पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. त्यांची गाणी आज आमच्याजवळ आहेत, पण गाताना त्यांच्या मुद्रेवर उमटणारे भाव कायमचे गेले.

ही चूक का झाली? ज्या कॅमेऱ्यांना डीएसएलआर म्हणतात, त्यांच्या आत एक तिरपा आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश त्या आरशावर आपटून वर जातो आणि डोळा लावण्याच्या खिडकीतून आपल्याला समोरचे दृश्य दिसते. या खिडकीला व्ह्यूफाइंडर म्हणतात. साधे छायाचित्र घेताना या योजनेत काही अडचण येत नाही. परंतु चलचित्र घेताना प्रकाश सतत मागच्या संवेदकावर पडावा लागतो, म्हणून आरसा वर उचललेला राहतो. मग खिडकीत अंधार होतो आणि पाठीवरच्या पडद्याकडे पाहूनच काम करावे लागते. या जातीच्या कॅमेऱ्यांत चलचित्राची सोय प्रथम २००८ साली आली आणि तिच्याबरोबर ही अडचणही आली. आता बिनआरशाचे कॅमेरे निघाले आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या खिडकीतच एक चिमुकला पडदा असतो. पण जुने कॅमेरेही अजून अनेकांच्या हाती आहेत.

हा पडदा सुमारे ६ सेंटीमीटर रुंद व ४ सेंटीमीटर उंच असतो. इतक्या लहान चित्रातील पुसटपणा डोळ्याला कळत नाही. तेच चित्र भिंतीएवढे झाले की दोष उघडा पडतो. त्यात ऊन पडद्यावर चमकते. बरे, पडदा डोळ्याच्या अगदी जवळ आणावा, तर तेही साधत नाही. सर्वसाधारण निरोगी डोळ्याला सुमारे २५ सेंटीमीटरपेक्षा जवळची वस्तू सुखाने पाहता येत नाही. तुमचे डोळे कोवळे आहेत, त्यांना याहून जवळचेही दिसते. पण माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्या माणसाने काय करावे?

येथे बहिर्गोल भिंग आपल्या मदतीला येते. १० सेंटीमीटर नाभीय अंतराचे भिंग पडद्यापासून तितक्याच किंवा किंचित कमी अंतरावर धरले, तर भिंगाला लावलेल्या डोळ्याला पडद्यावरचे चित्र दूर ठेवल्याप्रमाणे विनासायास दिसते. शिवाय ते मोठेही दिसते. २५ ला १० ने भागले असता अडीच येतात. म्हणजे चित्र सुमारे अडीच पट मोठे दिसते. भिंग आणि पडदा यांच्यामध्ये बंद काळी पेटी बसविली की ऊनही अडते. जुने छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन कॅमेऱ्याच्या काचेवरचे अंधूक चित्र पाहत, ते याच कारणाने. बाजारात मिळणाऱ्या अशा साधनाला लूप म्हणतात. त्याला बरेच पैसे पडतात. आमच्या मुलांनी पुठ्ठ्याचे लूप केले आणि त्याला 'डोळ्याची पेटी' असे नाव दिले. भिंगाला शंभर-सव्वाशे रुपये पडले. बाकी सारे सामान घरचेच होते.

प्रथम भिंगाची परीक्षा करावी. खोलीत खिडकीसमोर उभे राहून भिंग बाहेरच्या दूरच्या झाडाकडे धरावे व त्याच्यामागे पांढरा कागद मागेपुढे सरकवावा. एका ठिकाणी कागदावर त्या झाडाचे उलटे, रंगीत आणि रेखीव चित्र उमटेल. तेथे भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. तेच त्या भिंगाचे नाभीय अंतर होय. ते १० सेंटीमीटरच्या आसपास असावे आणि भिंगाची रुंदी ५ सेंटीमीटर असावी.

आता काड्यापेटी आठवा. तिचा खण जसा बाहेरच्या खोक्यात सरकतो, तशाच एकीत एक सरकणाऱ्या दोन पेट्या आपल्याला करावयाच्या आहेत. जाड पुठ्ठ्याची २६ सेंटीमीटर लांब व ७ सेंटीमीटर रुंद पट्टी घ्यावी. तिच्यावर अनुक्रमे ७, साडेपाच, ७ व साडेपाच सेंटीमीटरवर घड्या घालाव्यात आणि उरलेल्या १ सेंटीमीटरला खळ लावून दोन्ही टोकाकडील पेटी जोडावी. ही दोन्ही बाजूंनी उघडी असलेली आतली पेटी झाली. तिच्याभोवती दुसरी तितकीच रुंद पट्टी गुंडाळून बाहेरची पेटी करावी. ती फार घट्ट नसावी आणि सैलही नसावी. दोन्ही पेट्यांना आतून काळा, न चमकणारा कागद चिकटवावा. आत चमक राहिली, तर प्रकाश भिंतींवरून उसळून चित्र फिके करतो.

बाहेरच्या पेटीचे एक तोंड पुठ्ठ्याने बंद करून त्यात भिंगापेक्षा किंचित लहान गोल भोक पाडावे. भिंग आतून बसवून त्याच्यावर तसेच भोक असलेला दुसरा पुठ्ठा चिकटवावा. बाहेरून भोकाभोवती काळ्या कापडाची मऊ गादी लावावी, म्हणजे डोळ्याला टोचणार नाही. आतली पेटी एका सपाट पुठ्ठ्यावर बसवावी. या पुठ्ठ्यात पडद्याएवढी चौकट कापावी आणि पडद्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याच्या मागे मऊ कापड लावावे. पुठ्ठ्याच्या कडांना खाचा पाडून, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी तो कॅमेऱ्याला बांधावा. बटणे झाकली जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. चाकू वापरताना घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी जवळ बसवावे.

पेटी वापरताना दोन जुळण्या कराव्या लागतात. त्यांची गल्लत करू नये. प्रथम बाहेरची पेटी सरकवून पडद्यावरची अक्षरे ठळक दिसतील असे करावे. ही जुळणी पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी असते. मग कॅमेऱ्याच्या भिंगाचे कडे फिरवून समोरचा चेहरा स्पष्ट करावा; ही जुळणी दृश्यासाठी असते. पेटीचा आणखी एक लाभ आहे. कॅमेरा दोन हातांनी धरलेला असतो. त्याला डोळ्याचा तिसरा आधार मिळाला की चित्र कमी हलते.

मुलांनो, दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. या पेटीतून किंवा कोणत्याही भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका; दृष्टी जाईल. तसेच पेटी कॅमेऱ्यावर लावून उन्हात उघडी ठेवू नका. भिंगाने कागद पेटविण्याचा खेळ तुम्हांला ठाऊक आहे. तोच अग्नी येथे पडद्याला जाळतो. मग चंद्रपूरच्या वैशाखातील उन्हाबद्दल तर बोलावयासच नको! काम संपले की पेटी काढून पिशवीत ठेवावी.

अशी घरगुती खटपट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चलचित्राचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचा ध्यास घेतला होता. आनंदराव १९१६ साली वारले. तरी बाबूरावांनी उमेद सोडली नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने त्यांनी १९१८ साली कॅमेरा सिद्ध केला. पुढे १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढे आला. त्यांच्या त्या कामगिरीपुढे आमची पुठ्ठ्याची पेटी ती काय! पण नड असेल तेथे हात चालवावा, हा धडा एकच.

ही पेटी कॅमेऱ्याची चूक सुधारीत नाही. ती चूक केवळ वेळेवर दाखविते, म्हणजे सुधारणे आपल्या हाती राहते. माझी चूक मला चार दिवसांनी दिसली आणि तोवर वेळ निघून गेली होती. तुमच्याही घरी जात्यावरची गाणी म्हणणारी आजी असेल. बांबूच्या टोपल्या विणणारे, जंगलातील झाडाझाडाचे नाव सांगणारे आजोबा असतील. त्यांची आठवण राखावयाची असेल, तर आधी नीट पाहावयास शिका. यंदाच्या मंडईला आमच्या मुलांनी दंडारीचे चलचित्र घेतले. चादरीवर ते दिसू लागताच मी प्रथम कुंपणाकडे पाहिले. कुंपण पुसट होते आणि गाणाऱ्याचा चेहरा लख्ख दिसत होता!