डोलकाठीचा मागचा तणावा

दारव्ह्यापासून मुंबईचा समुद्र शेंकडों मैल दूर आहे; पण तणावा म्हणजे काय, हें दारव्हेकरांस निराळें सांगावयास नको. जत्रेंतला तंबू वाऱ्यांत उभा राहतो तो खुंट्यांस बांधलेल्या दोरांच्या जोरावर. शर्यतीच्या शिडाच्या नौकेवरहि डोलकाठीच्या शेंड्यापासून पिछाडीपर्यंत अशीच एक तार येते; तो मागचा तणावा. तंबूचा दोर एकदां बांधून विसरतां येतो. नौकेवरचा तणावा मात्र वाऱ्याबरोबर कमीजास्त करावा लागतो.

याचें कारण शिडाच्या पोटांत आहे. मंद वाऱ्यांत शिडास फुगवटा हवा, म्हणून तणावा ढिला ठेवितात. वारा वाढला कीं तोच फुगवटा नौकेस कलंडवूं पाहतो. अशा वेळीं तणावा ओढला म्हणजे काठी धनुष्यासारखी किंचित् वांकते व मोठें शीड चपटें होतें. त्याबरोबर पुढची तार ताठ होऊन पुढच्या शिडाचा झोलहि जातो. नौका वाऱ्याच्या रोखास अधिक भिडून चालते. वारा पाठीशीं घेतला कीं ताण पुन्हा उतरवावयाचा.

सर्वच शर्यती नौकांस हा तणावा नसतो. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती मुंबईस झाल्या. तेथें फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं ज्या फायरबॉल वर्गांत सुवर्णपदक मिळविलें, त्या लहान नौकेची काठी बाजूच्या व पुढच्या तारांवरच उभी असते. तणावा येतो तो थोड्या मोठ्या नौकेवर, आणि त्यासरशी तो कशानें ओढावा हा प्रश्नहि येतो.

शेजारच्या नौकेवर काय आहे तें पाहून साधन घेण्याची खोड पुष्कळांस असते. वस्तुतः पाहावयाचें तें ताण किती लागणार व शर्यतींत तो किती वेळां बदलावा लागणार हें. आट्यांची फिरकी जुन्या स्क्रूच्या दाबासारखी असते: जोर अफाट, गति मंद. सहलीच्या नौकेस ती पुरते, शर्यतीस नव्हे.

वीस-पंचवीस फुटी नौकेस कप्प्यांची माळ उत्तम. एका सरत्या कप्पीनें जोर दुप्पट होतो. दुसरीनें चौपट, तिसरीनें आठपट, चौथीनें सोळापट. घर्षण त्यांतला कांहीं भाग खातें, आणि तार एक इंच उतरावयास सोळा इंच दोर ओढावा लागतो. दोराचीं टोंकें दोन्ही बाजूंस आणावीं, म्हणजे वाऱ्याच्या बाजूस बसलेल्या गड्यास जागा न सोडतां तें हातीं लागतें. एखादी जादा कप्पी बसविण्यापेक्षां ही सोय अधिक कामाची.

चाळीस फुटांच्या आसपास ताण टनांच्या हिशेबांत जातो. तेथें तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नळकांड्यावांचून सहसा निभत नाहीं. त्याच्या कांट्यावर कालचाच ताण आज पुन्हा आणतां येतो. लहान नौकेवर मात्र तो धोक्याचा. दोर ओढतांना हातास ताण कळतो. पंपाच्या दांड्यास तो तसा कळत नाहीं, आणि नौकेचें अंगच नकळत वांकतें.

साधन कोणतेंहि असो, त्याला समांतर एक न ताणणारा, ठराविक लांबीचा मजबूत पट्टा बांधलाच पाहिजे. पाठवाऱ्यावर धांवतांना एखादी कडी तुटली, तर काठी पुढें कोसळते. काठी जाणें म्हणजे काय, हें गोव्यांत बांधलेल्या ‘थुरिया’च्या हकीकतीवरून दिसतें. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत ती नौका उलथून तिच्या काठ्या मोडल्या. दोष तणाव्याचा नव्हता; पण पाठीस जबर दुखापत झालेले अभिलाष टॉमी २४ तारखेस मदत येईपर्यंत अंथरुणावर खिळून होते.

पट्ट्याची लांबी धक्क्यावरच ठरवावी. साधन पूर्ण सैल सोडावें. तेवढी ढील मिळाल्यावर लगेच पट्टा ताठ झाला पाहिजे. तो लोंबत राहिला तर आंखूड करावा, आणि दोराच्या टोंकास गांठ मारल्यावांचून नौका सोडूं नये.