ब्रह्मपुरीच्या हद्दीतला पूल

कोल्हापुरातून पन्हाळा आणि पुढे रत्नागिरीकडे जाणारी वाहतूक पंचगंगेवरील ज्या दगडी कमानींच्या शिवाजी पुलावरून पिढ्यान्‌पिढ्या होत आली, तो पूल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असल्यामुळे त्याच्या शेजारी पर्यायी पूल हवा, याबद्दल शहरात कधीच दुमत नव्हते. तरीही या पर्यायी पुलाचे काम बरेच पुढे गेल्यावर काही वर्षे रखडले, आणि त्याचे कारण नदीत नव्हते, तर काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत होते.

ब्रह्मपुरी हे सातवाहनकालीन वसाहतीचे स्थळ असून १९४०च्या दशकातील उत्खननात तेथे सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती रोमन जगाशी असलेल्या व्यापाराची साक्ष देते. ती आज टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते. अशा केंद्र-संरक्षित स्थळांना १९५८चा प्राचीन स्मारकविषयक कायदा लागू होतो. त्यात २०१०मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून सर्व दिशांना १०० मीटरपर्यंतचा पट्टा ‘प्रतिबंधित’ ठरतो, म्हणजे तेथे नवे बांधकाम होऊच शकत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा ‘विनियमित’ ठरतो, म्हणजे तेथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने परवानगी मिळू शकते. हे अंतर टेकडीच्या माथ्यापासून नव्हे, तर अधिसूचित हद्दीपासून मोजले जाते, ही बाब आराखड्याच्या कागदावर सहज नजरेतून सुटते. शहराच्या बाजूचा जोडरस्ता वळवताना वाटेत आलेली झाडे आणि शाहूकालीन हौद यांचे प्रश्न निराळेच होते.

किनारपट्टीचा कायदा याहून वेगळा विचार करतो. रत्नागिरीच्या खाडीवर पूल बांधायचा तर २०१९च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार भरतीरेषा आखून घ्यावी लागते, राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे प्रस्ताव मांडावा लागतो आणि खारफुटी तोडावी लागलीच तर तिच्या किमान तिप्पट क्षेत्रावर नवी लागवड करावी लागते; अट कडक आहे, पण सार्वजनिक उपयोगाच्या कामाला दार अजिबात बंद नाही. स्मारकांच्या कायद्याने १०० मीटरच्या आत हे दारच ठेवलेले नाही, मग बांधकाम कोणाच्या बंगल्याचे असो वा जनतेच्या पुलाचे. अतिक्रमणाच्या लोंढ्यापुढे असा सरसकट नियम का करावा लागला हे समजण्यासारखे आहे. परंतु जुना धोकादायक पूल वापरात ठेवण्याची किंमत त्या हिशेबात धरलेली नव्हती, हेही तितकेच खरे.

ती किंमत २६ जानेवारी २०१८च्या रात्री दिसली. गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या भाविकांची मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी काही आठवडे, २ जानेवारीला, प्रतिबंधित क्षेत्रात केंद्र सरकारच्या खर्चाने होणाऱ्या सार्वजनिक कामांना मुभा देणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने संमत केले होते. राज्यसभेने मात्र ते प्रवर समितीकडे, म्हणजे कलमवार छाननी करणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे पाठवले, कारण अशी सवलत देशभरातील स्मारकांच्या भोवती वापरली जाईल ही भीती अनाठायी नव्हती.

दोष कायद्याच्या कडकपणापेक्षा कामाच्या क्रमात अधिक दिसतो: संरक्षित हद्द, पूररेषा आणि रस्त्याची आखणी एकाच नकाशावर प्रथम आली असती, तर वाद खांब उभे राहण्याआधी मिटला असता किंवा निदान वेळेत कळला असता. पर्यायी पूल अखेर २०१९मध्ये वाहतुकीस खुला झाला, आणि त्याच वर्षी सोळावी लोकसभा विसर्जित झाल्याने राज्यसभेत प्रलंबित असलेले ते विधेयक व्यपगत झाले.