दवाखान्याचे कार्ड आणि घरातला वॉकर

आपल्या पाड्यांवरील अनेक वृद्धांकडे आता आयुष्मान कार्ड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. पण हे कार्ड प्रामुख्याने दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्या त्यात येतात. घरी वापरायच्या वॉकर, कमोड खुर्ची किंवा कानाच्या यंत्राच्या खर्चासाठी मात्र हे कार्ड नाही. खाजगी मेडिक्लेमही अशा वस्तूंचा खर्च बहुधा देत नाही.

याचा परिणाम घरात दिसतो. खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन मोफत होते, पण उठण्यासाठी आधार नसेल तर आजी अंथरुणालाच खिळते. पाठीला जखमा होतात, पायांतली ताकद जाते. शौचाला जाणे जड पडते म्हणून ती खाणेपिणेही कमी करते.

या गरजेसाठी विमा नसला तरी दोन सरकारी योजना आहेत.

पहिली, महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री वयोश्री योजना. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असल्यास आधारशी जोडलेल्या बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तू घेता येतात. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करायचा असतो. वस्तू घेतल्याची पावती नंतर तेथे द्यावी लागते, म्हणून ती जपून ठेवावी.

दुसरी, केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना. ती २०१७ मध्ये सुरू झाली. यात ६० वर्षांवरील गरीब वृद्धांची शिबिरात तपासणी होते व गरजेप्रमाणे काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, दातांची कवळी मोफत मिळते.

आपण काय करू शकतो? आधारवरील वय चुकलेले असेल तर आधी ते दुरुस्त करून द्यावे. बँक खाते आधारशी जोडले आहे का, ते पाहावे. अर्ज भरताना आणि खरेदी करताना सोबत जावे. वृद्ध व्यक्ती ताठ उभी राहून हात खाली सोडते, तेव्हा वॉकरची मूठ मनगटाच्या उंचीला यायला हवी. पायांची रबरी टोपणे झिजलेली नसावीत, नाहीतर शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर तो घसरतो.

ऑक्सिजनच्या यंत्रासारख्या महागड्या वस्तूला ३,००० रुपये पुरत नाहीत. तेथे देणगीचा खरा उपयोग होतो. आणि आपल्या घरात वापराविना पडलेला वॉकर किंवा चाकाची खुर्ची असेल, तर ती धुऊन, दुरुस्त करून द्यावी. कोपऱ्यात पडून राहण्यापेक्षा ती एखाद्या आजोबांना अंगणापर्यंत नेईल.