बाण थांबतो कसा? टाकाऊ वस्तूंतून टार्गेट

धनुष्य ओढायला जोर लागतो आणि नेम धरायला सराव लागतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण सुटलेला बाण थांबवायला काय लागते? हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. नव्याने धनुर्विद्या शिकणाऱ्या शाळेने मात्र तो सर्वांत आधी विचारायला हवा. बाण ज्याच्यावर मारायचा त्या लक्ष्याला मैदानावर टार्गेट म्हणतात. ते चुकीचे बांधले तर बाण आरपार जातो, मोडतो किंवा उलटून मारणाऱ्याकडेच येतो.

आपल्या राज्यात या खेळाची गोडी वाढते आहे. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव भारताकडून खेळला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाऊंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात सुवर्णपदके जिंकली. त्या वेळी आदिती अवघी १७ वर्षांची होती. अशा बातम्या वाचून गावोगावची मुले बांबूचे धनुष्य घेऊन मैदानात उतरतात. विकतचे टार्गेट मात्र सर्वच शाळांना परवडत नाही. तेव्हा ते घरच्या घरी बनवता येईल का, ते पाहू.

ऊर्जेचा हिशेब

दोरी ओढताना हातांनी केलेले काम धनुष्याच्या वाकलेल्या कांबीत स्थितिज ऊर्जा म्हणून साठते. दोरी सोडताच तिचा मोठा भाग बाणाची गतिज ऊर्जा होतो. समजा, बाणाचे वस्तुमान २० ग्रॅम आणि वेग सेकंदाला ४० मीटर आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हा हिशेब १६ जूल येतो. एक किलोचे वजन सुमारे १.६ मीटर उंचीवरून पडले तर जमिनीवर आदळताना त्याची ऊर्जा एवढीच असते.

ही सारी ऊर्जा टार्गेटने शोषायची आहे. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. बाण लाकडी फळीत २ सेंटिमीटरमध्येच थांबला, तर त्याच्यावर सरासरी ८०० न्यूटन बल येईल. हे बल सुमारे ८० किलो वजनाच्या भाराएवढे झाले. त्याने टोक वाकेल, काडी चिरेल किंवा बाण उसळेल. तोच बाण २० सेंटिमीटर आत जाऊन थांबला, तर सरासरी बल फक्त ८० न्यूटन येते. क्रिकेटचा क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे नेतो, त्यामागचे कारणही हेच.

म्हणून चांगले टार्गेट कठीण नसते. ते बाणाला आत येऊ देते आणि दोन्ही बाजूंनी दाबून धरत थांबवते. हे काम घर्षणाचे आहे. बाणाची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते.

आता जुन्या टायरचा विचार करा. टायर मऊ आहे, फुकट मिळतो, मग तो का नको? रबर स्थितिस्थापक असते. ते दबताना ऊर्जा साठवते आणि पूर्ववत होताना परत करते. त्यामुळे टायरवर आदळलेला बाण उलट येऊ शकतो. टायर, दगडी भिंत, पत्रा आणि जाड फळी या चारही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

तेरमध्ये काय मिळेल?

उदाहरणासाठी धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव घेऊ. तेरणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन काळातील तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगरहून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जाई, असे त्यात नोंदले आहे.

गंमत अशी की, बाण थांबवायला कापडासारखी वस्तू नाही. सुती धाग्यांचे असंख्य वेढे बाणाच्या काडीला बिलगतात आणि घर्षण वाढवतात. शिंप्याकडच्या चिंध्या, फाटकी धोतरे, जुन्या गोधड्या हे सारे उपयोगी पडते. किराणा दुकानात पुठ्ठ्याची खोकी आणि बारदान मिळते. हा उसाचा भाग आहे. साखर कारखान्याचे ढोकी गाव जवळच आहे. तेव्हा तोडणीनंतर शेतात पडणाऱ्या पाचटाला तोटा नाही. कडबा मात्र वापरू नये. तो जनावरांच्या तोंडचा घास आहे.

तीन प्रकारची टार्गेटे

पहिला प्रकार पोत्याचा. बारदानाच्या पोत्यात चिंध्या ठासून भराव्यात. त्याआधी बटणे, हूक आणि चेन काढून टाकाव्यात, कारण बाणाचे टोक त्यांवर आदळले तर बाण उसळतो. पोते बाहेरून काठीने ठोकत भरले म्हणजे पोकळी राहत नाही. तोंड दाभणाने सुतळी घालून शिवावे. भरलेल्या पोत्याची जाडी निदान ३० सेंटिमीटर हवी.

दुसरा प्रकार पाचटाचा. पाचट थोडे ओलसर करून मनगटाएवढी जाड दोरी वळावी. डोक्यावर घागर ठेवण्यासाठी चुंबळ करतात तशी ही दोरी चकतीसारखी गुंडाळत जावी आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला दाभणाने शिवावा. गवताच्या काडाची अशी टार्गेटे जगात पूर्वापार वापरली जातात. अशा दोन-तीन चकत्या एकावर एक बांधल्या की पुरेशी जाडी मिळते. वापरण्यापूर्वी त्या उन्हात पूर्ण वाळवाव्यात, नाही तर बुरशी धरते.

तिसरा प्रकार पुठ्ठ्याचा, आणि शाळेसाठी तोच सर्वांत सोयीचा. खोकी उघडून पुठ्ठ्याच्या ८० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. लांब पट्ट्या न मिळाल्यास तुकडे जोडावेत, पण विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. पट्ट्या एकावर एक आडव्या रचून ८० सेंटिमीटर उंचीचा ठोकळा करावा. त्याला सुमारे अडीचशे पट्ट्या लागतात आणि वजन वीस-पंचवीस किलो भरते. खाली व वर एकेक फळी ठेवून दोन्ही फळ्यांना दोरीचे वेढे द्यावेत. हे वेढे ठोकळ्याच्या दोन्ही टोकांशी, बाण लागणार नाही अशा जागी घ्यावेत. गाडीवरचा माल आवळतात त्याप्रमाणे दोरीत काठी घालून पीळ द्यावा.

बाण पट्ट्यांच्या कडांच्या बाजूने मारायचा, हे येथे महत्त्वाचे आहे. तो दोन पट्ट्यांमध्ये शिरतो, त्या बाजूला सरतात आणि बाण काढल्यावर पुन्हा मिटतात. सपाट बाजूने मारला तर प्रत्येक पुठ्ठ्याला भोक पडते आणि ते तसेच राहते.

कागद आणि विषम संख्या

ऑलिंपिकमध्ये ७० मीटर अंतरावर १२२ सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य असते. आपल्या ठोकळ्यासाठी ६० सेंटिमीटरचे पुरे. खिळा, सुतळी आणि पेन्सिल यांच्या साह्याने ३, ६, ९ असे वाढवत ३० सेंटिमीटर त्रिज्येपर्यंत दहा वर्तुळे काढावीत. मधल्या दोन भागांना पिवळा रंग, मग प्रत्येकी दोन भागांना तांबडा, निळा, काळा आणि पांढरा रंग द्यावा. मध्याला १० गुण आणि सर्वांत बाहेरच्या कड्याला १ गुण असतो.

मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १ मानले, तर बाहेरच्या कड्यांची क्षेत्रफळे ओळीने ३, ५, ७ अशी १९ पर्यंत येतात. त्या दहा विषम संख्यांची बेरीज बरोबर १००. हा कागद जमिनीवर पसरून त्यावर ज्वारीचे दाणे सगळीकडे सारखे पडतील असे उधळा. आत पडलेल्या दाण्यांच्या गुणांची सरासरी ३.८५ च्या आसपास यावी. ही निव्वळ योगायोगाची सरासरी झाली. लक्ष्यावर लागलेल्या तुमच्या बाणांची सरासरी तिच्या किती वर जाते, त्यावरून नेमाची प्रगती कळेल.

उभारणी आणि परीक्षा

टार्गेट बांबूच्या भक्कम तिवईवर ठेवून दोरीने बांधावे. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटर उंच असावा. टार्गेट १० ते १५ अंश मागे कललेले ठेवावे. दूरवरून येणारा बाण शेवटी खाली उतरत असतो. कललेल्या टार्गेटमध्ये तो जवळजवळ काटकोनात शिरतो.

टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध किंवा ढीग हवा. तेरच्या विद्यार्थ्यांनी येथे एक काळजी घ्यावी. गावाभोवतीची पांढरीची टेकाडे आयता बांध वाटतील, पण त्यांच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या ज्या वस्तू गावच्या संग्रहालयात दिसतात, त्या याच परिसरातल्या. रुतलेला बाण उकरून काढताना एखादे मृण्मय चित्र कायमचे भंगेल. शिवाय संरक्षित जागी परवानगीविना खणणे कायद्याने मना आहे. बांध आपल्या मैदानावरच घालावा.

नवे टार्गेट मुलांच्या हाती देण्यापूर्वी शिक्षकांनी १० मीटरवरून पाच बाण मारून प्रत्येक किती आत गेला ते मोजावे. एकही बाण निम्म्या जाडीपेक्षा आत गेला, तर दोरीचा पीळ वाढवून पुन्हा परीक्षा घ्यावी. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणजे बाण साधारण चौपट खोल जाऊ पाहतो. कंपाऊंड धनुष्याचा बाण सेकंदाला ८० मीटरहून अधिक वेगाने जाऊ शकतो. त्यामुळे ही टार्गेटे फक्त हलक्या व बांबूच्या धनुष्यासाठीच आहेत, हे विसरू नये.

सराव शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. सर्वांनी एका रेषेवरून बाण मारावेत. सर्वांची धनुष्ये खाली ठेवल्याशिवाय कोणीही रेषेपुढे जाऊ नये. बाण काढताना एक तळवा टार्गेटवर दाबून दुसऱ्या हाताने बाण टार्गेटलगत धरावा आणि सरळ मागे ओढावा. त्या वेळी पाठीमागे कोणी उभे असता कामा नये, कारण बाणाचे मागचे टोक डोळ्याला लागू शकते. पावसात टार्गेट झाकून ठेवावे. भिजलेल्या पुठ्ठ्याचे थर सुटतात आणि त्यांची पकड जाते.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने पीळ सैल, मध्यम आणि घट्ट ठेवून प्रत्येक वेळी पाच बाणांची खोली मोजा. बाण, अंतर आणि दोरीची ओढ तीच ठेवा. ओढ सारखी राहावी म्हणून बाणावर रंगाची खूण करा. खोलीची सरासरी काढा आणि ऊर्जेला खोलीने भागून प्रत्येक वेळचे सरासरी बल किती येते ते पाहा. पोत्याच्या व पाचटाच्या टार्गेटवर हाच प्रयोग केला, तर आपल्या गावात मिळणारी कोणती वस्तू बाणाला सर्वांत चांगली धरते, याचे उत्तर तुमच्याच वहीत तयार होईल.