मापाची कार्बन सायकल : चालण्यातील सुख नेमके कशात?

इटलीतील मिलान शहराजवळच्या कांबियागो या गावी एर्नेस्तो कोल्नागो यांच्या कारखान्यातून १९९४ मध्ये 'सी ४०' नावाची शर्यतीची सायकल बाहेर पडली. कंपनीला चाळीस वर्षे पूर्ण झाल्याची खूण म्हणून तिला हे नाव मिळाले. तिच्या सांगाड्याच्या नळ्या कार्बन तंतूंच्या होत्या आणि त्या कार्बनच्याच सांध्यांत बसवून चिकटवलेल्या होत्या. उत्तर फ्रान्समधील पॅरिस-रूबे शर्यतीत ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून सुमारे पन्नास किलोमीटर जावे लागते. असा नाजूक दिसणारा सांगाडा तेथे टिकेल का, अशी शंका त्या वेळी घेतली जात होती. १९९५ मध्ये फ्रांको बाल्लेरिनी यांनी याच सायकलीवर ती शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक मापेई या संघाने पटकावले आणि त्या तिघांकडेही हीच सायकल होती. पुढे शर्यतीच्या सायकलींत कार्बनचा वापर रूढ झाला.

आज कार्बनची सायकल दुर्मीळ राहिलेली नाही. तरीही स्वतःच्या अंगाचे माप देऊन, काही महिने वाट पाहून आणि सांगाड्यासाठीच काही लाख रुपये मोजून ती बनवून घेणारे हौशी सायकलपटू जगभर आढळतात. अशी सायकल 'जिवंत वाटते', असे ते सांगतात. या वाटण्यामागे वस्तुस्थिती किती आणि मनाची समजूत किती, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम या पदार्थाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. पोलादाचे वजन घनसेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, तर कार्बन तंतूचे सुमारे १.८ ग्रॅम असते. ताठरपणा पाहिला तर पोलाद २०० गिगापास्कलच्या आसपास आहे, तर तोराय या जपानी कंपनीचा सर्वपरिचित टी ७०० तंतू २३० गिगापास्कलचा आहे. मात्र तंतूचा हा ताठरपणा केवळ त्याच्या लांबीच्या दिशेने असतो आणि राळेत बसवल्यावर तो बराच कमी होतो. धातू सर्व दिशांनी सारखाच वागतो, कार्बन तसा वागत नाही. हीच अडचण कुशल कारागिराच्या हाती सोय ठरते. नळीच्या लांबीशी समांतर तंतू घातले तर ती वाकण्यास विरोध करते, ४५ अंशांच्या कोनात तिरके घातले तर पिळवटण्यास विरोध करते. त्यामुळे पायडलच्या आसाभोवती सांगाडा ताठ ठेवायचा आणि मागच्या बारीक नळ्यांत थोडी लवचिकता राखायची, हे थरांची संख्या व दिशा बदलून साधता येते. ऐंशी किलो वजनाच्या, जोर लावून पायडल मारणाऱ्या स्वारासाठी आणि पन्नास किलोच्या स्वारासाठी थरांची रचना वेगळी ठेवता येते. साच्यातील सायकलीत हे फारसे शक्य नसते.

मोठे उत्पादक सांगाडा धातूच्या साच्यांत घडवतात. प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो आणि तो महाग असतो. म्हणून सहा-सात मापांतच सर्व मानवजात बसवावी लागते. मापाची सायकल करणारे कारागीर बहुधा निराळी रीत वापरतात. तयार नळ्या हव्या त्या लांबीला व कोनात कापून एकमेकींना भिडवतात, सांध्यांवर राळ भिजवलेल्या तंतूंचे पट्टे एकावर एक गुंडाळतात आणि दाब व उष्णता देऊन ते पक्के करतात. इटलीतील सार्तो, अमेरिकेतील पार्ली आणि कॅलफी ही या कामातील परिचित नावे. पार्लीचे संस्थापक बॉब पार्ली हे पूर्वी नौकाबांधणी करीत असत, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता चालीच्या सुखाकडे वळू. रस्त्याचे हादरे कार्बन 'शोषून घेतो', असे जाहिरातींत सांगितले जाते. परंतु सायकलीचा सांगाडा हा त्रिकोणांचा बनलेला असतो आणि त्रिकोण उभ्या दिशेने फार थोडा दबतो. त्याच्या कितीतरी पट टायर दबतो. त्याखालोखाल सीट आणि तिचा दांडा. २३ मिलिमीटरचा टायर काढून २८ मिलिमीटरचा बसवला आणि हवा थोडी कमी ठेवली, तर जो फरक जाणवतो तो सांगाडा बदलून क्वचितच मिळेल. १९९० च्या दशकात एका अमेरिकी सायकल नियतकालिकाने अन्तोनिओ मोन्दोनिको या इटालियन कारागिराकडून एकसारखे दिसणारे सात पोलादी सांगाडे करून घेतले होते. नळ्या तेवढ्या निरनिराळ्या होत्या. कोणता सांगाडा कोणता हे न सांगता ते अनुभवी स्वाराला चालवायला दिले, तेव्हा त्याला त्यांतील भेद खात्रीने ओळखता आले नाहीत. हा प्रयोग पोलादाचा होता, हे खरे. तरी रंग आणि नाव दिसत असताना आपली जाणीव किती ठाम होते, याचा विचार त्यावरून अवश्य करावा.

मग मापाच्या सायकलीत सुख नाही काय? आहे, पण ते बहुतांशी पदार्थात नसून भूमितीत आहे. पाय लांब आणि धड आखूड असलेल्या स्वाराला तयार सायकलीवर हँडल दूर पडते. ते जवळ आणण्यासाठी हँडलचा आडवा दांडा आखूड केला की सायकल वळवताना वेगळी वाटू लागते. उंची कमी असलेल्यांची अडचण आणखी मोठी. लहान सांगाड्यातही चाके त्याच व्यासाची बसवली जातात, त्यामुळे वळताना पावलाची बोटे पुढच्या चाकाला लागू शकतात. मापाच्या सायकलीत नळ्यांची लांबी, पुढच्या नळीचा कल आणि चाक धरणाऱ्या चिमट्याचा पुढे येणारा बाक यांचा मेळ एकत्रच घातला जातो. स्वाराचे वजन दोन्ही चाकांवर योग्य प्रमाणात पडते आणि उतारावर सायकल स्थिर राहते. 'जिवंत वाटते' म्हणतात ते बहुधा हेच.

एखाद्या तासाच्या फेरफटक्यात याचे महत्त्व कदाचित कळणार नाही. परंतु पुणे, मुंबई, नाशिक या शहरांतून आता २०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे होतात आणि ६०० किलोमीटर ४० तासांच्या आत पुरे करावे लागतात. इतका वेळ एकाच बैठकीत काढणाऱ्याची मान, मनगटे आणि कंबर चुकीच्या मापाची किंमत पुरेपूर वसूल करतात.

वेगासाठी मात्र हा खर्च करू नये. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २००० पासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरवून दिले आहे आणि साच्यातील सायकलीही ते सहज गाठतात. ताडेय पोगाचार यांनी २०२० ची टूर द फ्रान्स कोल्नागोच्याच सायकलीवर जिंकली. पण ती सी मालिकेतील नव्हती, साच्यात घडवलेली आणि ठरावीक मापांत मिळणारी होती.

मापाची सायकल घेऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच आधी शरीराची मोजणी जाणकाराकडून करून घ्यावी आणि तयार सायकलींपैकी एखादी बसते का, हे तपासावे. अनेकांना ती बसते. अपघातानंतर कार्बनच्या थरांतील फूट वरून दिसत नाही, त्यामुळे सांगाडा दुरुस्त करून देणारा कारागीर कोठे आहे, याचीही चौकशी आधीच करावी. आणखी एक व्यावहारिक बाब सहसा कोणी सांगत नाही. अशी सायकल पुढे विकायला काढली, तर त्याच अंगकाठीचे गिऱ्हाईक शोधावे लागते.